काना-मात्रा फुकट

मोबाइल विचारतो, कलाकाराचे नाव.
कोकिळा टाइप करते : भटू आर्ट्स, पारोळा.
मी म्हणतो, वर नको, खाली घे,
उजव्या कोपऱ्यात, बारीक.
सून हसते. इथे कोपरा नसतो, नाना.
इथे नाव सगळ्यात वर.

चाळीस वर्षं मी उजव्या कोपऱ्यात राहिलो.
धुळे रोडच्या शटरांवर, जिनिंगच्या पत्र्यावर,
बियाण्याच्या दुकानावर टपोरं बोंड फुटलेलं
आणि देठाशी मी, मुंगीएवढा.
भाव ठरलेला. अक्षराला दोन रुपये,
जोडाक्षराला तीन,
काना-मात्रा फुकट.
वेलांटीचे पैसे कधी मागितले नाहीत कुणाला.
ती मनगटाची मौज,
तिचं बिल कसं करणार?

मग फ्लेक्स आला, कुणाच्या तरी वाढदिवसाला,
आणि गेलाच नाही.
ब्रश रॉकेलच्या डब्यात उभ्या उभ्या लाकूड झाले.

आता ही पत्र्याची पाटी, बारा बाय आठ.
अंगणात खाटेवर गोधडी टाकून फोटो काढला,
मागून शेळी आली, ती कापली.
वजन भाजीच्या काट्यावर. तीनशे चाळीस ग्रॅम.
वस्तू नाजूक आहे का, हो की नाही.
किंमत.
इथे मी अडलो. अक्षरं मोज, म्हणालो,
पण त्या चौकटीत एकच आकडा मावतो.
तिनं लिहिलं, साडेआठशे.
मला वाटलं, आता पोलीस येतात.
सुकलाल कुंपणावरून ओरडला,
“इतलामा ते तू आख्खं दुकान रंगाडे, भो!”

बारा दिवस कुणी फिरकलं नाही, सुतक असल्यासारखं.
तेराव्या दिवशी मोबाइल वाजला.
बंगळूरच्या कुणी मुग्धाबाई.
हवं फक्त ‘उधारी बंद आहे’,
पिवळ्यावर लाल, सावली निळी.
सात अक्षरं. जुन्या हिशेबानं चौदा रुपये.
दुकान कसलं आहे, विचारायला लावलं.
दुकान नाही, म्हणाल्या, स्वयंपाकघरात लावणार.
आणि एक विनंती :
पाटी जुनी दिसावी,
पोपडे आलेले, कडेला थोडा गंज.

मी ते तीनदा वाचून घेतलं.
चाळीस वर्षं ज्या पोपड्याशी भांडलो!
पत्रा घासला, रेड ऑक्साइडचे दोन हात मारले,
जवसाचं तेल बोटावर चोळून भेसळ ओळखली,
वैशाखात रंग तडकू नये
म्हणून पहाटे चारला शिडी लावली.
कुणी म्हणालं, भटू, उडाला रे रंग,
तर जाऊन फुकट मारून दिला, मान खाली घालून.
त्याच लाजेची आज फर्माईश,
वर पैसे आगाऊ.

सँडपेपर मारा, मिठाचं पाणी लावा,
कोकिळा म्हणते, व्हिडिओ आहेत.
मी गच्चीवर जाऊन उभा राहिलो.
पारोळ्याचं ऊन हे काम फुकटात करतं,
फक्त त्याला चार वर्षं लागतात.
आपल्याला सात दिवसांत पोचवायचंय.

सँडपेपर हातात घेतलाही एकदा.
‘री’वर टेकवला.
नाही झालं.

नवीच पाठवली. वेलांटीचा जरा जास्तच लाड करून.
पुठ्ठ्यात गुंडाळली, मध्ये घरचा कापूस,
आणि ब्रशनं लिहिलेली चिठ्ठी :
बाई, पाटी नवी आहे.
पश्चिमेच्या खिडकीत लावा,
म्हातारी आपोआप होईल.
रंग उडाला तर कळवा.

कळवलं तर? कोकिळा विचारते,
शिडी घेऊन बंगळूरला जाल?
मी बोललो नाही.
खोकं फिरवलं, उजवा कोपरा शोधला,
बारीक अक्षरात नाव टाकलं.

कुरियरच्या पोरानं नेमकं त्यावरच
स्टिकर चिकटवलं.